सत्तावन्न नंबरची वही

दि. ४ मार्च

चि. धाकटीस,

आशीर्वाद. तुला नको असले तरी देते. थोरलीच्या हातात तेवढंच असतं.

तुम्ही दोघं बरी असाल. तुझ्या घड्याळजींच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन झाल्याचं मामेबहिणीकडून कळलं. डोळ्यांत थेंब वेळेवर घालायला सांग. दुसऱ्यांची घड्याळं दुरुस्त करणारा माणूस स्वतः वेळेवर आलेला मी अजून पाहिलेला नाही. तुमच्या लग्नातसुद्धा चाळीस मिनिटं उशीर.

माझं बरं आहे. गुडघा कुरकुरतो, मी त्याच्याकडे लक्ष देत नाही. स्वयंपाकघरातला नळ गळत होता, तो परवा स्वतःच बसवला. एकतीस तारखेला मी निवृत्त होते. निरोपसमारंभ नको म्हणून लेखी कळवलं आहे, तरी शिपायाने मापात न बसणारा पुष्पगुच्छ सांगून ठेवल्याचं माझ्या कानावर आलंच.

आता कामाचं. जाण्यापूर्वी मला एक यादी करून द्यायची आहे. तीस वर्षांत आमच्या विभागाने धातूंची जेवढी संयुगं कॅन्सरवर औषध म्हणून करून पाहिली, त्या सगळ्यांची. दोनशे अकरा भरली. प्लॅटिनमची सर्वांत जास्त, मग रुथेनियम, तांबं, थोडं सोनं. प्रत्येकापुढे एक शेरा: काम करतं, थोडं करतं, निष्क्रिय. यादी छापून सगळीकडे जाणार आहे, म्हणजे फुकट गेलेल्या वाटेने पुन्हा कोणी जायला नको. एकदा 'निष्क्रिय' छापलं की त्या संयुगाकडे पुढे कोणी ढुंकूनही बघत नाही. यादीची सोय तीच आणि धोकाही तोच.

सत्तावन्न नंबरच्या नोंदी अपुऱ्या आहेत. तो तुझा होता. त्याची वही इथल्या कपाटात नाही. तू जाताना नेलीस, असं माझं मत आहे. वही ही प्रयोगशाळेची मालमत्ता असते, करणाऱ्याची नव्हे. हा नियम तुला तेव्हाही माहीत होता. मी तेव्हा तक्रार केली नाही, एवढं लक्षात असू दे.

वही सापडली तर रजिस्टर पोस्टाने पाठव. नोंदींसाठी हवी आहे, दुसरं काही नाही.

कळावे,
प्रमुख, धातुसंयुग विभाग

(सहीखाली हुद्दा लिहायची सवय लागली आहे. खोडत नाही, कागद खराब होतो.)


दि. १२ मार्च

चि. धाकटी,

तुझं कार्ड मिळालं. 'कशाला हवी?' दोन शब्द आणि एक प्रश्नचिन्ह. आई गेली तेव्हाचे निरोप सोडले तर सव्वीस वर्षांतलं हे तुझं पहिलं पत्र. अक्षर तसंच आहे, शाळेत फळ्यावर लिहून थोडं मोठं झालंय इतकंच. प्रश्न रास्त आहे. मागच्या पत्रात मी तो टाळला होता, हे तुझ्या लक्षात येणारच होतं.

तर ऐक. आमच्याकडे पेशींवर चाचण्या घेणारा एक गृहस्थ आहे. सगळे त्याला पेशीवाला म्हणतात. पन्नाशीचा, टक्कल पडलेला, पेशींना खाऊ घालताना त्यांच्याशी बोलणारा. "काय बायांनो, झोप झाली का?" असं विचारत सकाळी कपाट उघडतो. सगळी प्रयोगशाळा मला मॅडम म्हणते, हा एकटा बाई म्हणतो. यादीसाठी जुनी चाचणी-रजिस्टरं मी त्याच्यापुढे टाकली होती. सत्तावन्न नंबरच्या ओळीवर त्याचं बोट थांबलं.

"बाई, हे प्लॅटिनम तुम्ही डीएमएसओमध्ये विरघळवलंत?"

मी म्हटलं, "लिहिलंय तसं असेल."

"मग 'निष्क्रिय' काय म्हणून लिहिलंत? पेशींना तुम्ही औषध दिलंच नाहीत. औषधाचं प्रेत दिलंत."

ते द्रावक तुला आठवत असेल. हातावर सांडलं की थोड्या वेळाने तोंडात लसणाची चव येते, ते. इतर संयुगांना चालतं, पण प्लॅटिनमला नाही. तुझ्या संयुगात प्लॅटिनमला दोन क्लोरीन धरून होते. पेशीत शिरल्यावर ते सुटायचे आणि त्या रिकाम्या हातांनी प्लॅटिनमने पेशीच्या आतली डीएनएची दोरी पकडायची, सगळी करामत एवढीच. मिठाच्या पाण्यात क्लोरीन भरपूर असतो, म्हणून तिथे ते दोघे जागच्या जागी राहतात. डीएमएसओमध्ये ते बाटलीतच सुटतात आणि द्रावक स्वतः येऊन तिथे ठाण मांडतं. मग पेशीत जाऊन पकडणार कशाने? तुला हे मी सांगायला नको. पण लिहायला बसले की मी शिकवायला लागते, तो दोष जुना आहे.

"हे अक्षर कोणाचं?" पेशीवाल्याने विचारलं.

मी म्हटलं, "जुनं आहे, ओळखू येत नाही."

त्या काळी पुष्कळ प्रयोगशाळा हीच चूक करत होत्या. आमच्याकडेही झाली. म्हणजे सत्तावन्न नंबरची चाचणी झाली असं म्हणताच येत नाही. ते चांगलं की वाईट हे आजही कोणाला माहीत नाही.

म्हणून वही हवी. तुझ्या कृतीने मला ते पुन्हा करायचं आहे, मिठाच्या पाण्यात विरघळवायचं आहे आणि एकतीस तारखेच्या आत पेशींवर टाकून बघायचं आहे. बाटलीतलं जुनं केव्हाच काळं पडलंय. मागाहून आलेल्या दोघांना मी करायला लावलं होतं, जमलं नाही. माझ्याकडे फक्त तुझ्या अहवालातली अर्ध्या पानाची कृती आहे आणि तू अहवालात कधीच पुरतं लिहीत नव्हतीस. सगळं वहीत.

शेरा बदलायचा असेल तर या महिन्यातच बदलेल. एकतीसनंतर कपाटाच्या किल्ल्या दुसऱ्याकडे जातील आणि दोनशे अकरांतल्या एका नंबराशी त्याला काही देणंघेणं असणार नाही.

आणि हे सगळं कशासाठी सुरू केलं होतंस ते मी विसरले आहे असं समजू नकोस. मावशीच्या उलट्यांच्या बादल्या आपण दोघींनी उपसल्या. त्या प्लॅटिनमच्या औषधाने गाठ आटली आणि मावशीही आटली. तू बादली धुता धुता म्हणाली होतीस, "ताई, हेच काम करणारं पण एवढं न छळणारं काहीतरी असेलच की." मी म्हटलं, "असेल तर करून दाखव." तू एकोणीस वर्षांची होतीस. मी तेव्हापासूनच अशी बोलते.

वही पाठव.

तुझी,
थोरली


दि. २६ मार्च, बुधवार

धाकटे,

वही सतरा तारखेला आली. बांधणी घड्याळजींची दिसली; एवढ्या नेटक्या गाठी तुला कधी जमल्या नाहीत. त्यांना माझे आभार सांग आणि चाळीस मिनिटांचं बोलणं मागे घेतलं म्हणावं.

सत्तावन्नाव्या नंबराच्या पानाला तू चिठ्ठी टाचली आहेस. 'चौथ्या पायरीला घाई करू नकोस. तुझी सवय आहे.' ही चिठ्ठी मी किती वेळा वाचली ते सांगत नाही.

काम सांगते आधी. पहिल्या दिवशी मी घाई केली. लाल द्रावणात तुझा दुसरा पदार्थ थेंबाथेंबाने दोन तासांत सोडायचा, असं तू स्वच्छ लिहिलं आहेस. मी तो पन्नास मिनिटांत सोडला. तळाशी काळा साका बसला. प्लॅटिनम धातू होऊन खाली आलं, सगळं वाया. पेशीवाला दारात उभा राहून म्हणाला, "बाई, चहा ढवळताय का?" मी त्याला घालवून दिलं. दुसऱ्या दिवशी मी स्टूल घेतलं, बर्फाचं भांडं भरलं, खिडकीवर काळा कागद लावला आणि दोन तास दहा मिनिटं बसून थेंब मोजले. गुडघा आखडला. संध्याकाळी गाळणकागदावर पिवळी पूड होती, लिंबाच्या सालीच्या रंगाची. तू वहीत समासात लिहिलं आहेस, 'आला बाई रंग!' औपचारिक वहीत असली वाक्यं लिहू नयेत, हे मी तुला दहा वेळा सांगितलं असेल. त्या संध्याकाळी मात्र मीही ते मोठ्याने म्हटलं. खोलीत कोणी नव्हतं.

सोमवारी सकाळी ते मिठाच्या पाण्यात विरघळवायला बसले. जाम विरघळत नाही. कोमट करा, ढवळा, थांबा, पुन्हा ढवळा. पावणेतीन तास लागले. मग शहाण्णव खळग्यांच्या प्लेटमध्ये पेशीवाल्याने ते पेशींवर सोडलं. तीन दिवसांनी रंग घालायचा; जिवंत असतील त्या पेशी जांभळ्या होतात, मेलेल्या होत नाहीत. म्हणजे निकाल उद्या, गुरुवारी दुपारी.

मी मुद्दाम आज लिहिते आहे. उद्या निकाल चांगला आला तर हे लिहिणं फार सोपं होईल आणि वाईट आला तर न लिहिणं सोपं होईल. दोन्ही मला नको आहेत.

रजिस्टरातलं ते अक्षर माझं आहे.

मागच्या पत्रात 'आमच्याकडेही चूक झाली' असं लिहिलं, ते खोटं नसलं तरी लबाडीचं होतं. चूक प्रयोगशाळेकडून झाली नाही. ती मी केली, सकाळी साडेनऊ वाजता, उभ्याने. त्या दिवशी आईला हॉस्पिटलातून घरी आणायचं होतं आणि मला रजा घेणं जमत नाही म्हणून तुला पाठवलं. तू आदल्या दिवशी द्रावण करून, 'मिठाचं पाणी' अशी चिठ्ठी लावून, फॉइलमध्ये गुंडाळून ठेवलं होतंस. सकाळी बघते तर तळाशी पूड बसलेली, वर गढूळ. 'येऊन पुन्हा कोमट करते, चाचणी दुपारी ठेव' असं तू फळ्यावर लिहून गेली होतीस. चाचणीवाल्यांची वेळ दहाची होती. दुपारची मागून घ्यायला मला विनंती करावी लागली असती. मी ते बेसिनमध्ये ओतलं, बाटलीतली पूड काढली आणि डीएमएसओमध्ये टाकली. पापणी लवायच्या आत विरघळली. पाण्यासारखं स्वच्छ झालं. मला समाधान वाटलं, तेही सांगते. वाटलं, धाकटी उगाच घोळ घालत बसते.

नळीवर चिठ्ठी तुझीच चिकटवली. रजिस्टरात मात्र हाताने खरं द्रावक लिहिलं गेलं. सवयीने. ते रजिस्टर चाचणीवाल्यांच्या कपाटात असायचं, तू ते कधी पाहिलं नसशील.

त्याच्या दोन महिने आधी तू एका लेखाची प्रत माझ्या टेबलावर ठेवली होतीस. प्लॅटिनम आणि हे द्रावक, हाच विषय. वर पेन्सिलीने लिहिलं होतंस, 'ताई, वेळ काढून वाच.' मी वेळ काढला नाही. त्यावर चहाचा कप ठेवला. पहिल्या पानावर कपाचं गोल वर्तुळ आहे. प्रत अजून माझ्याकडे आहे.

आणि मग बैठकीत सगळ्यांसमोर मी म्हटलं, संयुगच अशुद्ध आहे, करणारीचा हात ढिला आहे. तू म्हणालीस, "मी पुन्हा करून देते, एकदा माझ्यासमोर चाचणी घ्या." मी म्हटलं, "इथे मी तुझी ताई नाही. हट्ट घरी कर." संध्याकाळी तू वही घेऊन सहीला आलीस. आपल्या वहीच्या प्रत्येक पानाखाली दोन चौकटी असतात, 'केलं' आणि 'पाहिलं'. पहिलीत करणारीची सही, दुसरीत साक्षीदाराची. दुसरी सही नसेल तर ते काम झालंच नाही असं धरतात. मी म्हटलं, "असल्या कामावर मी सही करत नाही." तू वही मिटलीस, बगलेत मारलीस आणि गेलीस. मला वाटलं, सोमवारी येईल.

हे आजवर मी कोणाला सांगितलं नाही. पण अजून एक आहे, आणि पहिल्या पत्रापासून मी त्याच्याभोवतीच फिरते आहे.

हे मला पेशीवाल्याकडून या महिन्यात कळलं असं नाही. मला अकरा वर्षांपासून माहीत आहे. एका परिषदेत एका वक्त्याने अशा चुकीच्या चाचण्यांची यादीच पडद्यावर दाखवली. सभागृह हसलं, मीही हसले. हसता हसता मला ती गढूळ नळी आठवली. परत आल्यावर रजिस्टर काढलं, माझं अक्षर पाहिलं, रजिस्टर परत ठेवलं आणि कपाटाला कुलूप लावून किल्ली माझ्या जुडग्यात अडकवली. त्याच वर्षी मी विभागप्रमुख झाले होते. आणि आई होती. आईला सांगावं लागलं असतं. तिने शेवटपर्यंत तुलाच हट्टी म्हटलं, हातातलं शिक्षण टाकून गेली म्हणून. शेवटच्या आठवड्यातही म्हणाली. तू पायथ्याशी उभी होतीस. मी उशाशी बसून सफरचंद सोलत होते. सालीचा तुकडा पडू न देता सोललं.

बोलायला ती जागा चांगली होती. मी फोडी केल्या.

तुझी चिठ्ठी वाचली आणि मनात आलं की तुला हे सगळं कधीचंच माहीत असेल. फळ्यावर 'दुपारी ठेव' लिहून गेलेली तू, आणि चाचणी झाली दहाला. गढूळ द्रावण दहाला चालवलं कसं, हा प्रश्न तुला पडला नसेल असं होणार नाही. मग तू बोलली का नाहीस, हे विचारायचा हक्क मला नाही, म्हणून विचारत नाही.

माफीचा शब्द मी तीनदा लिहून खोडला. माझ्या हातून तो कार्यालयीन वाटतो. केलं ते सांगते.

आज सकाळी आमच्या संचालकसाहेबांकडे यादी दिली. सत्तावन्न नंबरपुढचं 'निष्क्रिय' काढलं. तिथे लिहिलं आहे: 'पूर्वीची चाचणी अयोग्य द्रावकात झाली. द्रावक आयत्या वेळी सध्याच्या विभागप्रमुखांनी बदललं. संयुग करणाऱ्या संशोधिकेचा त्यात दोष नाही. संयुग शुद्ध होतं.' त्यापुढे तुझं पूर्ण नाव, माहेरचं आणि सासरचं दोन्ही. उद्याचा निकाल त्याखाली येईल, जो असेल तो.

साहेब म्हणाले, "मॅडम, चार दिवस राहिलेत तुमचे. हे कशाला आता?"

मी म्हटलं, "चार दिवस पुरतात."

"छापून येईल हो हे. लोक वाचतील."

"म्हणूनच यादीत लिहिलंय. नाहीतर डायरीत लिहिलं असतं."

त्यांनी ती ओळ पुन्हा वाचली. मग म्हणाले, बदललं ऐवजी बदललं गेलं असं करू या का. मी नाही म्हटलं.

निकालाची फार आशा धरू नकोस. काचेत पेशी मारणारी दहा संयुगं असली तर त्यातलं एखादंच पुढे उंदरापर्यंत पोचतं आणि माणसापर्यंत बहुधा एकही नाही. मावशीसारख्या कोणाच्या बादल्या त्याने कमी होतील असं मी म्हणणार नाही. मला माहीत नाही. पण त्याची चाचणी झाली. सव्वीस वर्षांनी का होईना, खरी झाली. उद्या चारच्या सुमारास पेशीवाला आकडे सांगेल. तुझ्या शाळेच्या ऑफिसात मी फोन करणार नाही. आकडे कार्डावर लिहून पाठवीन. तुला हवं असेल तर तूच फोन कर. चार ते सहा मी टेबलाशीच आहे. दुसऱ्या कोणी उचलला आणि तू "मॅडम आहेत का" विचारलंस तरी चालेल, आणि दुसरं काही म्हणालीस तर तेही चालेल.

वही या पत्रासोबत परत पाठवते आहे. ती प्रयोगशाळेची मालमत्ता आहे, हे मला माहीत आहे.

सत्तावन्नाचं पान उघडून बघ. दुसरी चौकट आज भरली. मागची तारीख घालता येत नाही, नियम आहे, म्हणून आजचीच घातली. शाई वाळायला पाच मिनिटं दिली. घाई केली नाही.

पाहिलं.

ताई